गळ्यातली माणसे

“मी आवाजाचा कलावंत होणार आहे,” असे घरातील तरुण मुलाने रात्रीच्या जेवणाच्या वेळी जाहीर केले, तर आईवडिलांनी काय म्हणावे? मुलगा गवई होणार म्हणाला असता, तर त्यास गुरू शोधून देता आला असता. नाटकात जातो म्हणाला असता, तर निदान नकार कशाला द्यावयाचा हे तरी समजले असते. परंतु ज्यात चेहरा कधी दिसणार नाही, नाव बहुधा कोणी वाचणार नाही आणि महिन्याच्या पहिल्या तारखेस ठरलेला पगारही मिळणार नाही, अशा व्यवसायाविषयी घरच्या वडीलधाऱ्यांस फारसे ठाऊक नसते. ठाऊक नसलेल्या गोष्टीचे भय वाटणे स्वाभाविक आहे.

इंदूर येथील आमच्या परिचयाच्या एका मराठी कुटुंबात हा प्रसंग घडला. मुलगा बावीस वर्षांचा. दिवसा एका दुकानात हिशेब लिहितो. घरात आई, वडील आणि आजी. वडिलांनी ताटावरून न उठता एवढेच विचारले, “आवाजाचे पैसे कोण देतो?” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधण्यात त्या मुलाचे जवळजवळ एक वर्ष गेले. त्या वर्षाची हकीकत आम्ही येथे सांगत आहोत, कारण ती केवळ एका मुलाची नाही. आज अनेक घरांतील मुलेमुली या वाटेकडे पाहत आहेत, आणि त्यांच्या आईवडिलांस ही वाट नेमकी कोठून सुरू होते हे समजलेले बरे.

आवाजाचे पैसे कोण देतो?

वडिलांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर सोपे आहे. परदेशी चित्रपट व मालिका हिंदी-मराठीत आणावयाच्या, तर प्रत्येक पात्रास येथला कोणी तरी आवाज द्यावा लागतो. मुलांची व्यंगचित्रे, ऐकावयाची पुस्तके, आकाशवाणीची नाटके, जाहिराती, संगणकावरील खेळ, या सर्वांना आवाज लागतात. १९९३ साली दूरदर्शनवर मोगलीची जपानी मालिका हिंदीत दाखविली गेली, तेव्हा शेरखानाची गुरगुर नाना पाटेकर यांच्या गळ्यातून आली होती. तो वाघ ज्यांनी ऐकला ते आज आईबाप झाले आहेत. निंजा हातोरी या खट्याळ जपानी मुलास हिंदीत बोलते करणाऱ्या मेघना एरंडे मराठी घरातल्याच. मुलाच्या पात्रास स्त्रीने आवाज देण्याची रीत जगभर आहे, कारण वयात येताना मुलाचा आवाज फुटतो, स्त्रीचा तसा फुटत नाही. जपानमध्ये मासाको नोझावा या बाईंनी १९८६ पासून गोकू नावाच्या वीर बालकास बोलते केले. तो मुलगा पडद्यावर मोठा झाला, बाप झाला, तरी आवाज त्यांचाच राहिला.

हे काम मिळते कसे? येथे त्या मुलाची खरी परीक्षा सुरू होते. काम देणारा निर्माता त्याचा चेहरा पाहत नाही, प्रमाणपत्र पाहत नाही. तो फक्त एक ध्वनिमुद्रण मागतो. एक-दीड मिनिटाच्या त्या नमुन्यास या धंद्यात ‘डेमो’ म्हणतात. त्यात पाच-सहा निरनिराळी पात्रे बोलतात, आणि त्यावरून ऐकणारा ठरवितो की या माणसास बोलवावे किंवा नाही. नव्या मुलाजवळ हीच काय ती ओळखचिठ्ठी असते.

मालवा हाउसपासून कपाटापर्यंत

इंदूर हे शहर या कलेस परके नाही. आकाशवाणीचे इंदूर केंद्र १९५५ साली सुरू झाले. ‘मालवा हाउस’ म्हणून ते शहरात ओळखले जाते. त्या केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमात नंदाजी आणि भेराजी ही दोन मालवी पात्रे बोलत असत. कृष्णकांत दुबे हे नंदाजी आणि सीताराम वर्मा हे भेराजी. खते, बियाणे, पाऊसपाणी यांविषयी शासनाने सांगावयाच्या रूक्ष गोष्टी ते दोघे ओट्यावर बसून गप्पा माराव्यात तशा सांगत. आणि माळव्यातील खेडुतांस ती दोन माणसे आपल्या गावचीच वाटत. इकडे मुंबई केंद्रावर ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकामालेत बाळ कुडतरकरांचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भाऊजी यांनी असाच संसार थाटला होता. श्रोते त्यांना ‘आवाज’ म्हणून ओळखत नसत. शेजारी म्हणून ओळखत.

त्या काळी होतकरू कलावंताने आकाशवाणीत जाऊन स्वरपरीक्षा द्यावयाची असे. मायक्रोफोन केंद्राचा, भिंतींना ध्वनिशोषक आवरण घातलेली खोली केंद्राची, आणि चूक दाखविणारा निर्माताही केंद्राचाच. पुढे काळ बदलला. खाजगी रेडिओ आला. रेडिओ मिर्चीने आपले पहिले केंद्र २००१ साली काढले ते इंदुरातच. आणि आज तर होतकरू कलावंतासाठी केंद्र, खोली, निर्माता सर्व काही त्याच्या घरातच असावे लागते. स्वातंत्र्य वाढले हे खरे. परंतु चूक दाखविणारा माणूस मात्र नाहीसा झाला. आमच्या मते नव्या मुलांची सर्वांत मोठी अडचण पैशाची नाही, ही आहे.

आमच्या परिचयाच्या मुलाने लाकडी कपाटातील कपडे दोन्ही बाजूंना सारून मध्ये जागा केली, मागे गोधडी टांगली, आणि काही हजार रुपयांचा एक माइक आणून त्यात बसविला. हा उपाय हास्यास्पद वाटला तरी शास्त्रशुद्ध आहे. उघड्या भिंतीवर आपटून आवाज परत येतो आणि खोली ‘बोलू’ लागते. जाड कापड तो आवाज पिऊन टाकते. मे महिन्याच्या उकाड्यात पंखा बंद करून तो कपाटात तोंड घालून उभा राही. रस्त्यावरील रिक्षा, शेजारचा कुकर, मंगल कार्यालयातील बँड, यांतून वाट काढीत शेवटी त्याने रात्री दोनची वेळ धरली. आई दाराशी येऊन पाही आणि काही न बोलता परत जाई.

पहिला डेमो

पहिल्या नमुन्यात त्याने अकरा आवाज भरले. तीन प्रसिद्ध नटांच्या नकला, एक राक्षस, एक म्हातारा, एक बाळ, एक यंत्रमानव आणि आणखी काय काय. नमुना अडीच मिनिटांचा झाला. मित्रांनी वाहवा केली. त्याने तो वीस-पंचवीस ठिकाणी पाठविला. एकाही ठिकाणाहून उत्तर आले नाही.

मध्यंतरी एका शिकवणीवाल्याने त्यास सांगितले की, भारी रक्कम भरल्यास उत्तम डेमो करून देऊ आणि कामही मिळवून देऊ. मुलाने वडिलांकडे पैसे मागितले. वडिलांनी नाही म्हटले, आणि त्या दिवशी घरात दोघांचे बोलणे बंद झाले. आम्ही वडिलांची बाजू घेतो असे नव्हे. परंतु या एका गोष्टीत त्यांचा नकार योग्य होता. ज्यास अजून पात्र उभे करता येत नाही, त्याच्या नमुन्यावर संगीताचा मुलामा चढवून तो विकता येतो. पण काम देणारा पहिल्याच दिवशी मूळ धातू ओळखतो. शिक्षकास फी द्यावी, शिकण्यासाठी द्यावी. मात्र ‘काम मिळवून देतो’ या वचनास फी देऊ नये.

शेवटी त्याने तो नमुना आजीस ऐकविला. आजीने डोळे मिटून अकराही आवाज ऐकले आणि विचारले, “ही सगळी माणसं कोण रे? यांतलं एकही जेवलेलं वाटत नाही मला.”

वाचकहो, आम्ही या कलेवरील पुष्कळ उपदेश वाचला आहे. परंतु इतकी नेमकी टीका आमच्या वाचनात नाही. आजीच्या म्हणण्याचा अर्थ असा की, त्या आवाजांना पोट नव्हते, घर नव्हते, दुपार नव्हती. राक्षस ओरडत होता, पण कोणावर आणि कशासाठी, हे राक्षसालाच ठाऊक नव्हते. म्हातारा थरथरत होता, पण थरथरणे म्हणजे म्हातारपण नव्हे. आणि नटांच्या नकला कितीही हुबेहूब असल्या तरी काम देणारा म्हणणार की, मूळ नट हयात असताना मला प्रत कशाला?

आजोबांचा आवाज

आजीने त्यास मग एक काम सांगितले. “तुझ्या आजोबांसारखं बोलून दाखव.”

आजोबा इंदूरच्या एका कापडगिरणीत मागावर होते. इंदूर एके काळी गिरण्यांचे शहर होते. मालवा, हुकुमचंद, राजकुमार, कल्याण, स्वदेशी ही नावे आता वस्त्यांच्या व चौकांच्या पत्त्यांत उरली आहेत. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली आणि तेथील कामगारांच्या थकलेल्या देण्याचे सुमारे २२४ कोटी रुपये २५ डिसेंबर २०२३ रोजी सुपूर्द झाले. मधल्या बत्तीस वर्षांत किती आवाज कायमचे थांबले असतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा. या मुलाचे आजोबा दुसऱ्या एका गिरणीतले. तीही बंद झाली, आणि पाच वर्षांपूर्वी आजोबाही गेले. ते घरात फार मोठ्याने बोलत. नातवंडे त्यांची नक्कल करून हसत असत.

मुलाने ती जुनीच नक्कल करून दाखविली: मोठा, कर्कश आवाज. आजी हसली नाही. म्हणाली, “तीस वर्षं मागाच्या खडखडाटात उभे होते. शेजारच्याला काही सांगायचं तर ओरडावं लागायचं. पुढं कानच गेले. आपण किती मोठ्यानं बोलतो हे त्यांना ऐकूच येत नव्हतं रे. रागानं नव्हते बोलत कधी.”

त्या रात्री मुलाने कपाटात जाऊन तोच आवाज पुन्हा मुद्रित केला. या वेळी त्याने ओरडणारा म्हातारा केला नाही. ज्यास स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, आणि समोरच्यास तरी तो पोहोचावा म्हणून जो धडपडतो आहे, अशा माणसाचे बोलणे त्याने केले. आवाजाची पट्टी तीच, जोर तोच. परंतु वाक्याच्या शेवटी तो थांबू लागला, समोरच्याच्या ओठांकडे पाहिल्यासारखा. आजीने ते ऐकले तेव्हा बराच वेळ ती काही बोलली नाही. नंतर इतकेच म्हणाली, “जेवलेत आता.”

घरात आजोबांचे एकही ध्वनिमुद्रण नाही. छायाचित्रे आहेत, विवाहाची पत्रिका आहे, आवाज नाही. तो नातवाच्या गळ्यात उरला होता, आणि इतके दिवस थट्टेच्या रूपाने उरला होता.

यानंतर एक नाजूक प्रश्न उभा राहिला. हा आवाज अनोळखी लोकांकडे पाठवावयाचा का? मुलगा संकोचला. आजीने निकाल दिला तो असा: “त्यांचं नाव घालू नकोस. त्यांची वाक्यं घालू नकोस, ती घरची आहेत. बोलण्याची रीत घे. ती कुठल्याही मागवाल्याची असते.” म्हणून मुलाने नवी वाक्ये लिहिली. एक म्हातारा कामगार रेल्वेच्या खिडकीवर तिकीट मागतो आहे; आतला कारकून काय म्हणतो ते त्यास ऐकू येत नाही, आणि ते तो कबूल करीत नाही. चौदा सेकंदांचे बोलणे. चार वाक्ये.

माणसाची रीत घ्यावी, त्याचे गुपित घेऊ नये. या एका वाक्यात या कलेची नीती सामावली आहे असे आम्हांस वाटते.

गल्ली हीच शाळा

एक दार उघडल्यावर बाकीची पात्रे शोधण्यास त्यास दूर जावे लागले नाही. राजवाड्याजवळ सकाळी पोहे-जलेबीच्या गाडीवर उभा राहणारा आणि प्रत्येक गिऱ्हाइकास ‘भिया’ म्हणून वाक्य सुरू करणारा पोरगा. सराफ्यात रात्री बारा वाजता गिऱ्हाइकाशी भावावरून गोड भांडणारी बाई. रामबागेतील निवृत्त शिक्षक, ज्यांच्या शुद्ध मराठीत दर चौथा शब्द हिंदी येतो आणि ते त्यांच्या गावीही नसते. सात वर्षांची शेजारची मुलगी, जी खोटे बोलताना आवाज बारीक न करता उलट जड करते. तो वही घेऊन या माणसांजवळ उभा राहू लागला. आवाज कसा आहे हे लिहून घेण्यापूर्वी ‘हिला आत्ता काय हवे आहे?’ हे तो लिहू लागला.

आणखी एक अडसर त्याच्या मनातून गेला. इंदूरची मराठी पुण्या-मुंबईस हसण्यावारी नेली जाते, असे त्यास वाटे. म्हणून पहिल्या नमुन्यात त्याने आपल्या बोलण्यातील माळव्याची सर्व माती धुऊन काढली होती. अशी धुतलेली मराठी आणि धुतलेली हिंदी बोलणारी मुले हजारो आहेत. परंतु ज्यास मराठी, हिंदी आणि मालवी या तीन बोलींची सरहद्द जन्मापासून ठाऊक आहे, ज्यास एकाच वाक्यात ती ओलांडता येते, असा कलावंत मिळणे सोपे नव्हे. प्रमाण भाषा स्वच्छ बोलता आलीच पाहिजे, तिच्यावाचून काम अडते. पण पात्राच्या वेळी घरची बोली ही लाज नव्हे, भांडवल आहे. नंदाजी-भेराजींनी ते इंदुरातच सिद्ध करून ठेवले होते.

अमेरिकेतील एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. १९८७ साली नॅन्सी कार्टराइट नावाची अभिनेत्री ‘सिम्पसन’ कुटुंबाच्या व्यंगचित्रासाठी स्वरपरीक्षेस गेली. तिला बोलाविले होते ते थोरल्या मुलीच्या, लिसाच्या पात्रासाठी. तेथे तिने लिसाच्या थोरल्या, वांड भावाचे, बार्टचे वर्णन वाचले आणि विनंती केली की, मला हाच मुलगा वाचू द्या. तिने वाचला, आणि निर्माते मॅट ग्रोनिंग यांनी तेथल्या तेथे ते काम तिला दिले. पुढे कित्येक दशके बार्ट तिच्याच आवाजात बोलला. तिने त्या क्षणी ओळखले की या मुलास मी जाणते. आपल्या गळ्यात कोण राहतो, हे ज्यास कळले त्याचे अर्धे काम झाले.

कारागिरीच्या गोष्टी

आता काही व्यवहारी सूचना. ज्यांच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी असेल त्यांनी त्या जपून ठेवाव्यात.

पात्रांचा नमुना साठ ते नव्वद सेकंदांचा असावा. पात्रे पाच-सहा, आणि प्रत्येकास दहा ते पंधरा सेकंद. सर्वांत सशक्त पात्र पहिले ठेवावे, कारण ऐकणारा पुष्कळदा पहिल्या दहा सेकंदांतच निर्णय करतो. शेजारी शेजारी येणारी पात्रे एकमेकांहून भिन्न हवीत: जाड आवाजानंतर हलका, घाईनंतर संथपणा. आरंभी स्वतःचे नाव एकदाच, आपल्या साध्या आवाजात सांगावे. जाहिरातींचा नमुना निराळा करावा. दोन्हींची खिचडी करू नये. वाक्ये स्वतः लिहावीत. दुसऱ्याच्या चित्रपटातील संवाद घेतला की ऐकणाऱ्याच्या कानात मूळ नट बोलू लागतो.

माइकपासून सुमारे वीतभर अंतर ठेवावे आणि तोंड किंचित तिरपे धरावे. ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना निघणारा वाऱ्याचा झोत मग थेट त्यावर आदळत नाही. आवाजाची पातळी दाखविणारी पट्टी लाल होऊ देऊ नये. फाटलेला आवाज मागाहून शिवता येत नाही. मूळ मुद्रण उच्च दर्जाच्या ‘वेव्ह’ स्वरूपात जपून ठेवावे आणि पाठविण्यासाठी लहान ‘एमपीथ्री’ प्रत करावी. पाठीमागे संगीत घातलेच तर ते इतके मंद असावे की काढून टाकले तरी पात्र उभे राहील.

जो आवाज दोन तास टिकत नाही तो नमुन्यात घालू नये. काम मिळाल्यावर तोच राक्षस सकाळपासून दुपारपर्यंत करावा लागतो. बोलताना पुरुषाच्या स्वरतंतू सेकंदास शंभराहून अधिक वेळा आणि स्त्रीच्या सुमारे दोनशे वेळा एकमेकींवर आपटतात. त्यांना घासून खरखर काढणे म्हणजे रेशमी वस्त्र दगडावर धुणे होय. खरखर गळ्यातून न काढता श्वासातून, जबड्याच्या ठेवणीतून, बोलण्याच्या लयीतून सुचवावी. पाणी वरचेवर प्यावे. घसा दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला, तर घरगुती काढ्यावर न थांबता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे. प्रत्येक पात्राचे एक टिपण ठेवावे: कोण, कोणाशी बोलतो, काय हवे, उभा कसा राहतो. सहा महिन्यांनी तेच पात्र पुन्हा मागितले तर तेच टिपण उपयोगी पडते.

आणि नमुना पाठविण्यापूर्वी तो अशा एका माणसास ऐकवावा, जो आपल्यावर प्रेम करतो पण आपल्याला फसविणार नाही.

नवे भय

एक गोष्ट लपवून चालणार नाही. आज यंत्रास थोड्या वेळाचे ध्वनिमुद्रण दिले तरी ते त्या आवाजाची नक्कल करून हवे ते वाक्य बोलू शकते. गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या अशा वापरास मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अंतरिम मनाई केली. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही त्याच न्यायालयाने तसेच संरक्षण दिले. अमेरिकेत संगणकीय खेळांना आवाज देणारे कलावंत याच प्रश्नावर २६ जुलै २०२४ पासून संपावर गेले आणि जून २०२५ मध्ये, सुमारे अकरा महिन्यांनी, संप थांबला. ही सारी नामांकितांची वा संघटित कलावंतांची लढाई झाली. इंदूरच्या कपाटात उभ्या असलेल्या मुलाजवळ ना वकील, ना संघटना.

त्याने निदान एवढे करावे: कोणतेही करारपत्र न वाचता सही करू नये. ‘सर्व माध्यमांत, सर्व काळासाठी’ अशा शब्दांशी थांबावे, आणि माझा आवाज यंत्रास शिकविण्यासाठी वापरला जाणार आहे काय, हे लेखी विचारावे. येथे वडिलांचा उपयोग आहे. ज्यांनी आयुष्यभर भाडेपट्टे आणि बँकेचे कागद वाचले, त्यांनी मुलाशेजारी बसून हाही कागद वाचावा.

यंत्र पुढे आणखी सुधारेल यात शंका नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ते आजोबांचा मोठा आवाज काढील; परंतु तो मोठा का होता हे त्यास कोणी आजी सांगत बसलेली नाही.

शेवट

दुसरा डेमो बहात्तर सेकंदांचा झाला. पाच माणसे. पहिला, तिकिटाच्या खिडकीवरचा म्हातारा. तो पाठविल्यानंतर तीन महिने काहीच घडले नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण या धंद्यात गप्प बसणे हेच नेहमीचे उत्तर असते. नंतर एके दिवशी एका ऐकावयाच्या पुस्तकातील तीन लहान पात्रांसाठी विचारणा आली. त्यांतील एक स्टेशनावरचा हमाल होता. मानधन बेताचेच होते. दुकानातील नोकरी त्याने सोडलेली नाही आणि सोडू नये असेच आमचेही मत आहे.

पैसे आले त्या दिवशी मुलाने वडिलांना सांगितले, “बाबा, आवाजाचे पैसे आले.” वडिलांनी आकडा विचारला नाही. ते म्हणाले, “तो म्हातारा पुन्हा एकदा लाव.” मुलाने लावला. चौदा सेकंद घरात कोणी बोलले नाही. वडिलांनी आपल्या बापाचा आवाज पाच वर्षांनी ऐकला होता. तो दुसऱ्याच कोणा म्हाताऱ्याच्या तोंडून, दुसऱ्याच कशासाठी तरी बोलत होता, आणि तरीही तो तोच होता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. वडिलांनी कपाटाच्या दारास आतून लावावयासाठी आणखी एक जाड गोधडी आणून दिली. कुकर, त्यांनी आईस सांगितले, आज अकराच्या पुढे लावावा.